भेंडीबाजाराचा पुनर्विकास : घर, दुकान आणि गल्ली

दक्षिण मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडून जे. जे. रुग्णालयाच्या दिशेने जाताना डाव्या हाताला जी दाट वस्ती लागते, ती भेंडीबाजार. एका बाजूला महंमद अली मार्ग, दुसरीकडे चोरबाजार आणि नळबाजार, आणि मधोमध रौदत ताहेरा या संगमरवरी मकबऱ्याचा पांढरा घुमट, अशी या भागाची ओळख सांगता येते. याच वस्तीतील सुमारे साडेसोळा एकर जमिनीवर २००९ पासून देशातील सर्वाधिक चर्चिला गेलेला समूह पुनर्विकास प्रकल्प उभा राहत आहे. सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने व व्यवसाय यांचा त्यात समावेश आहे. एकरी हिशेब केला तर जवळजवळ १९५ कुटुंबे होतात, आणि दुकाने वेगळीच. एखादी गिरणी पाडून तिच्या जागी मनोरा बांधणे आणि माणसांनी व मालाने भरलेला चालता बाजार उचलून पुन्हा त्याच जागी बसविणे यांत मोठा फरक आहे. या प्रकल्पाचे यश किंवा अपयश त्या फरकावरच मोजावे लागेल.

नाव आणि वस्ती

भेंडीबाजार या नावाविषयी दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. कोटात राहणारे इंग्रज या भागाला ‘बिहाइंड द बझार’ म्हणत आणि त्याचा अपभ्रंश होऊन भेंडीबाजार झाला, ही गोष्ट लोकप्रिय आहे. दुसरी व्युत्पत्ती अधिक साधी आणि म्हणूनच अधिक विश्वासार्ह वाटते. भाजीच्या भेंडीशी संबंध नसलेला, किनाऱ्यालगत वाढणारा भेंडीचा वृक्ष या परिसरात होता व त्यावरून हे नाव पडले, असे ती सांगते. वडाळा, ताडदेव, चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी अशी झाडांवरून पडलेली नावे ज्या शहरात पावलोपावली आहेत, तेथे एवढ्या एका नावासाठी इंग्रजीकडे धाव घेण्याचे कारण दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात बंदर, कापूस आणि रेल्वे यांच्या जोरावर मुंबई वाढली, तेव्हा कोटाबाहेरच्या ‘नेटिव्ह टाउन’मध्ये व्यापारी जातीजमातींनी आपापले मोहल्ले वसविले. गुजरातेतून आलेल्या दाऊदी बोहरा समाजाने भेंडीबाजारात बस्तान बसविले. लोखंडी सामान, अवजारे, काचसामान, रंग, अत्तरे, किराणा हे त्यांचे व्यवसाय. लोखंडवाला, काचवाला, रंगवाला, अत्तरवाला या आडनावांतच त्या बाजाराची यादी वाचायला मिळते. आजही वस्तीत बोहऱ्यांची बहुसंख्या असली तरी सुन्नी मुस्लिम, हिंदू व जैन भाडेकरू आणि दुकानदारही येथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. संगीताच्या अभ्यासकांना मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने परिचित आहे. उत्तर प्रदेशातील बिजनौरकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन बंधू या परिसरात राहिले आणि त्यांच्या गायकीला भेंडीबाजार घराणे हे नाव मिळाले. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँच्या शिष्या, तर छज्जू खाँचे पुत्र अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर यांनी काही काळ शिक्षण घेतले होते. शहरातील एका बाजारपेठेचे नाव ख्याल गायकीच्या घराण्याला लाभावे, हे तसे दुर्मीळच.

येथील इमारती प्रामुख्याने व्यापारासाठी एकट्याने आलेल्या पुरुषांच्या निवासाच्या गरजेतून उभ्या राहिल्या. खाली दुकान किंवा गोदाम, वर लांब सज्जा, सज्जावर ओळीने खोल्या आणि टोकाला सामाईक संडास, ही रचना. पुढे त्याच खोल्यांत संसार आले, मुले झाली, खोलीत पोटमाळा आला, पोटमाळ्यावर दुसरा संसार आला. शंभर-दीडशे चौरस फुटांत आठ-दहा माणसे ही गोष्ट अपवादाची राहिली नाही. मोठ्या थाळाभोवती सर्व कुटुंबाने एकत्र बसून जेवण्याची बोहरा समाजाची प्रथा आहे. अशा खोलीत थाळ मांडायचा तर आधी बाकीचे सामान हलवावे लागे.

इमारती का ढासळल्या?

जुन्या मुंबईच्या दुरवस्थेचे खापर सरसकट घरमालकांवर किंवा सरसकट भाडेकरूंवर फोडण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात दोघांचेही वर्तन कायद्याने आखून दिलेल्या वाटेनेच झाले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविले. युद्धोत्तर टंचाईच्या काळात हा उपाय आवश्यक होता. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीच्या आधारावर अर्धशतक टिकला, आणि १९९९ चा नवा भाडे नियंत्रण कायदा आल्यानंतरही जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात फारसा फरक पडला नाही. महिन्याच्या भाड्यातून जिन्याची एक पायरीही दुरुस्त होत नसेल तर मालक इमारतीकडे पाठ फिरविणार, हे उघड होते. भाडेकरूनेही ज्या भिंतीची मालकी आपली नाही तिच्यावर खर्च का करावा? या दोघांमधला खरा व्यवहार पागडीच्या रूपाने चालू राहिला. भाडेकरू आपला हक्क मोठ्या रकमेला दुसऱ्याच्या हवाली करी आणि मालक त्यातला हिस्सा घेई. १९९९ च्या कायद्याने या व्यवहाराला मान्यता दिली. म्हणजे खोलीला बाजारभाव होता, पण त्यातला पैसा इमारतीच्या तुळयांपर्यंत कधी पोचला नाही.

इमारती कोसळू लागल्यावर राज्य सरकारने १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करणारा कायदा केला. बेटावरील खासगी भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करावयाची, अशी ही योजना. तिच्या कक्षेत त्या वेळी १९,६४२ इमारती आल्या आणि त्यांतील १६,५०२ म्हणजे पाचांतल्या चारांहून अधिक १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या होत्या. हे मंडळ पुढे म्हाडात विलीन झाले. दुरुस्तीच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा होती. ती ओलांडली की इमारत दुरुस्तीपलीकडची ठरे आणि रहिवाशांना संक्रमण शिबिरात जाण्याची नोटीस मिळे. संक्रमण हा शब्द जरा उदारपणेच वापरला गेला असे म्हणावे लागते, कारण अशा शिबिरांत दोन-दोन पिढ्या राहिलेली कुटुंबे मुंबईत आहेत. धोकादायक इमारतीतले लोक घर का सोडत नाहीत, असा प्रश्न दर पावसाळ्यात विचारला जातो. एकदा बाहेर पडलेला माणूस परत येतोच असे नाही, हे त्यांनी शेजाऱ्यांच्या बाबतीत पाहिलेले असते.

या भागाने सुधारणेच्या नावाखाली झालेली पाडापाडी याआधीही पाहिली आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याने नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, हवा आणि उजेड आणला. मात्र प्रारंभीच्या वर्षांत घरे जितकी पाडली तितकी बांधली नाहीत. बेघर झालेले गरीब शेजारच्या गल्ल्यांत जाऊन दाटले आणि जी गर्दी मोडायची ती एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत सरकली. शंभर वर्षांनंतरही नगररचनाकार हे उदाहरण देतात ते उगाच नव्हे.

समूह पुनर्विकासाची कल्पना

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) या कलमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी जादा चटई क्षेत्र दिले. विकासकाने भाडेकरूंना मोफत घरे द्यावीत आणि उरलेले बांधकाम विकून खर्च व नफा काढावा, हे तिचे सूत्र. ही योजना एकेका इमारतीपुरती होती आणि तेथेच तिची मर्यादा होती. दोनशे चौरस मीटरच्या भूखंडावर मनोरा उभा राहतो, पण त्याच्या पायाशी गल्ली तेवढीच अरुंद राहते. जलवाहिनी, मलवाहिनी तीच, अग्निशमन दलाचा बंब आत शिरायला तीच अडचण, आणि माणसे व मोटारी मात्र तिप्पट. गिरगाव, भुलेश्वर, भायखळा या भागांत असे एकाकी मनोरे सर्वत्र दिसतात.

यावर उपाय म्हणून मार्च २००९ मध्ये ३३ (९) या कलमात बदल करून समूह पुनर्विकासाला चालना देण्यात आली. बेटावरील शहरात किमान ४,००० चौरस मीटरचा सलग भूखंड, चार चटई क्षेत्र निर्देशांक, पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे मालकी हक्काचे घर, आणि समूह जितका मोठा तितके विकासकाला मिळणारे प्रोत्साहनपर क्षेत्र अधिक, या तिच्या प्रमुख अटी. सत्तर टक्के भाडेकरूंची लेखी संमती आवश्यक होती. पुढे संमतीची अट शिथिल करण्यात आली.

कागदावर उत्तम दिसणारी ही तरतूद वापरणार कोण, हा प्रश्न होता. शेकडो मालक, त्यांचे वारस, त्यांचे दावे, आणि प्रत्येक इमारतीत पंधरा-वीस भाडेकरू. एवढ्यांना एका मेजावर आणण्यासाठी लागणारा वेळ नफ्यासाठी व्यवसाय करणाऱ्या विकासकाला परवडत नाही. भेंडीबाजारात हे काम बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू डॉ. सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतले. ट्रस्टने मालकांकडून इमारती विकत घेतल्या, भाडेकरूंशी वैयक्तिक करार केले, माझगाव, शीव आदी ठिकाणी तात्पुरत्या घरांची सोय केली. किमान घराचे क्षेत्र कायद्यातील ३०० ऐवजी ३५० चौरस फूट ठरले. प्रकल्पाचा खर्च सुमारे चार हजार कोटी रुपये सांगितला गेला आणि नव्या बांधकामाचा तुलनेने लहान भागच खुल्या विक्रीसाठी ठेवण्यात आला. २०१४ मध्ये सय्यदनांचे निधन झाल्यानंतरही काम चालू राहिले.

या खरेदीतील एक प्रकरण वृत्तपत्रांतून बरेच गाजले. पाकमोडिया स्ट्रीट हा दाऊद इब्राहिमच्या घराचा भाग. त्याच्या जप्त मालमत्तांपैकी तीन मालमत्ता नोव्हेंबर २०१७ च्या सरकारी लिलावात ट्रस्टने एकूण ११ कोटी ५८ लाख रुपयांना घेतल्या. अनेक वर्षे ज्या मालमत्तांवर बोली लावायला कोणी पुढे येत नसे, त्या अखेर पुनर्विकासाच्या नकाशात जमा झाल्या.

हुसैनी इमारत

त्याच पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी ही शंभर वर्षांहून जुनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी साडेआठच्या सुमारास कोसळली. दोनच दिवस आधी मुंबईत अतिवृष्टी झाली होती. दुर्घटनेत ३३ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत पुनर्विकासाच्या हद्दीतील होती. २०११ मध्ये ती धोकादायक ठरलेली होती. त्यातील काही कुटुंबे २०१३-१४ मध्येच संक्रमण घरांत गेली होती. काही मागे राहिली होती, आणि खालच्या भागात गोदाम व कामगारांची वस्ती होती. जबाबदारी कोणाची, यावर त्यानंतर म्हाडा, ट्रस्ट आणि रहिवासी यांच्यात जी वादावादी झाली ती येथे सविस्तर देण्याचे प्रयोजन नाही. परंतु पुनर्विकासाची चर्चा चटई क्षेत्र, संमतीची टक्केवारी आणि परवानग्यांचे टप्पे यांत अडकते, त्या काळात जुनी इमारत थांबून राहत नाही, ही गोष्ट या घटनेने जितकी स्पष्ट केली तितकी कोणत्याही अहवालाने केली नसेल. इमारत अर्धी रिकामी होणे हे तर अधिकच धोक्याचे. गेलेल्यांच्या मागे डागडुजीचा उरलासुरला आग्रहही संपतो आणि राहिलेल्यांच्या हाती केवळ नोटिसा उरतात.

२००९ मध्ये ट्रस्टची स्थापना झाली आणि पहिल्या टप्प्यातील अल् सादा या दोन मनोऱ्यांत कुटुंबे राहायला आली ती २०२० मध्ये. सुमारे सहाशे कुटुंबांना तेथे घरे मिळाली. मधली अकरा वर्षे म्हणजे दुसरीतल्या मुलाने महाविद्यालयात पोचण्याइतका काळ. मुंबईतील पुनर्विकासाच्या मानाने हा वेग वाईट नाही, असे जाणकार म्हणतात. ते खरेही आहे आणि त्यातच या शहराची शोकांतिका आहे.

दुकानाचा प्रश्न

घराच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. दीडशे चौरस फुटांच्या खोलीतून साडेतीनशे चौरस फुटांच्या, स्वतंत्र स्नानगृह-शौचालय असलेल्या, उजेडाच्या घरात जाणे ही कोणत्याही दृष्टीने प्रगतीच होय. विशेषतः रात्री-अपरात्री सामाईक संडासाकडे जावे लागणाऱ्या स्त्रियांना आणि चार जिने चढू न शकणाऱ्या वृद्धांना तिचे मोल नकाशे वाचून कळणार नाही.

दुकानाचे गणित निराळे आहे. नियमानुसार दुकानदाराला त्याच्या आधीच्या क्षेत्राइतकेच क्षेत्र मिळते. मात्र दुकानाची किंमत निव्वळ क्षेत्रफळावर ठरत नाही. ते रस्त्यावर उघडते की आतल्या मार्गिकेत, तळमजल्यावर आहे की एक मजला वर, समोर हातगाडी थांबते की नाही, शेजारी त्याच मालाची आणखी दहा दुकाने आहेत की नाहीत, यांवर ती ठरते. बिजागरी घ्यायला आलेला सुतार दहा दुकाने पाहतो, भाव काढतो, मग अकराव्यात घेतो. म्हणून एकाच मालाची दुकाने एका गल्लीत असणे हे स्पर्धकांचे दुर्दैव नसून त्यांची पुंजी आहे. शिवाय जुन्या इमारतीत दुकानाच्या माळ्यावर गोदाम, मागे दुरुस्तीचा कारखाना, वर मालकाचे घर अशी साखळी होती. दुपारचे जेवण वरून खाली येई. पावसात माल भिजू लागला तर घरातली मुले धावत येत. नव्या आराखड्यात खालच्या मजल्यांवर बाजार आणि वर निवास अशी विभागणी असल्याने घर व दुकान एकाच परिसरात राहतात, ही जमेची बाजू. तरी पस्तिसाव्या मजल्यावरचे घर आणि तळाचे दुकान यांतले अंतर उद्‌वाहनाने मिटते तेवढेच मिटते.

त्यातही बांधकामाच्या काळातील विस्थापन हा दुकानाच्या जीवावरचा प्रसंग असतो. कुटुंब चार वर्षे माझगावात राहून परत येऊ शकते. गिऱ्हाईक चार वर्षांनी परत येईलच असे नाही. म्हणूनच अनेक व्यापाऱ्यांनी संमती देण्यास वेळ घेतला. त्यांना विकासाचे शत्रू ठरविणे सोपे असले तरी न्याय्य नाही. वस्तीच्या कडेचा फुटकळ व्यवसाय तर या हिशेबातच येत नाही. ज्याच्याकडे भाडेपावती आहे तो पात्र. गाळ्याच्या ओट्यावर चाव्या घासणारा, रमजानच्या महिन्यात रात्रभर खाद्यपदार्थांची गाडी लावणारा, गोदामातून माल वाहणारा पाटीवाला यांच्याजवळ पावती कोठली? बाजार म्हणून ओळखली जाणारी वर्दळ पुष्कळशी याच माणसांची असते. २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल सुरू झाल्यावर वरून जाणाऱ्या मोटारींना भेंडीबाजार दिसेनासा झाला, तरी खालचा बाजार मोडला नाही. पुलाखाली ही वर्दळ तशीच चालू होती. रुंद पदपथ, नियोजित वाहनतळ, सुरक्षारक्षक आणि कॅमेरे असलेल्या नव्या परिसरात तिला जागा उरेल की नाही, याचे उत्तर सर्व टप्पे पुरे झाल्यावरच मिळेल.

इतरत्र हे होईल का?

गिरगाव, कामाठीपुरा, डोंगरी येथील रहिवासी भेंडीबाजाराकडे आशेने पाहतात. कायदा सर्वांना एकच आहे, परिस्थिती मात्र एक नाही. भेंडीबाजारात बहुसंख्य रहिवासी ज्यांच्या शब्दाला मानतात अशा धर्मगुरूंचा पुढाकार होता, ज्याला झटपट परताव्याची घाई नाही असे भांडवल होते आणि समाजाच्या श्रद्धास्थानाभोवतीचा परिसर सुधारण्याची भावना होती. वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडामार्फत होत आहे, कारण तेथे जमीन सरकारची आणि मालक एकच. वरळीत १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोल्यांऐवजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. कामाठीपुऱ्यात असा एक मालक नाही आणि असे एक श्रद्धास्थानही नाही. बहुतेक जुन्या मुंबईची स्थिती कामाठीपुऱ्यासारखी आहे.

आणखी एक बाब किल्ल्या हाती आल्यानंतर सुरू होते. महिना शे-दोनशे रुपये भाडे देणाऱ्या कुटुंबाला उद्‌वाहने, पंप, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी शुद्धीकरण यांच्या देखभालीचा वाटा उचलावा लागतो, आणि इमारत जितकी उंच तितका तो जड. पुनर्विकासाच्या नियमावलीत पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीसाठी विकासकाने राखीव निधी उभारण्याची तरतूद आहे. २०२० मध्ये नव्या मनोऱ्यांत राहायला आलेल्या कुटुंबांची ही दहा वर्षे २०३० मध्ये पुरी होतील.